सगुणाबाईचा धप्पा

“आई, तू परत एकोणीस वर्षांची झालीस, तर पप्पांशीच लग्न करशील का?”

स्नेहलनं एका दमात विचारून टाकलं आणि फ्रिजला पाठ लावून उभी राहिली. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर निकिता आणि रुद्र श्वास रोखून बसले होते, हे तिला ठाऊक होतं. ‘स्वतःच्या आईला एवढं विचारता येत नसेल, तर दिग्दर्शक म्हणून मिरवू नकोस,’ असं निकितानं मघाशीच पैज लावून तिला सुनावलं होतं. सध्या स्नेहलला दुसरं काहीही म्हटलेलं चालत होतं. हिंमत नाही, एवढं मात्र खपत नव्हतं.

मोहिनी डबा भरत होती. खालच्या कप्प्यात वरण-भात, मधल्यात गवारीची भाजी, वरच्यात पोळ्या. प्रश्न ऐकून तिचा हात क्षणभर पोळीवर राहिला, मग तिनं पोळीची घडी घातली.

उत्तर बाहेरच्या खोलीतून आलं. धनराज सेकंड शिफ्टला निघायच्या तयारीत खुर्चीवर बसून जाड बुटांच्या नाड्या बांधत होता.

“हा काय प्रश्न हाय का? माझ्याशीच करणार. लय सोपा पेपर काढलास.”

“तुम्हाला नाही विचारलं, पप्पा. तिला विचारलंय.”

“आयटीआयमध्ये दोन वर्षं मी तिचं बघून लिहिलं. आज तिनं माझं बघून लिहावं. फिटंफाट.”

खिडकीबाहेर रुद्र फस्सकन हसला आणि लगेच त्याचं तोंड कोणीतरी दाबल्यासारखा आवाज आला. मोहिनीनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं डब्याचा मधला कप्पा उचलला, त्याच्या काठावरून अंगठा गोल फिरवला, एका जागी थांबवला, परत फिरवला. मग तिन्ही कप्पे एकावर एक बसवून तिनं कडी दाबली.

“ही कडी ढिली झालीय,” ती म्हणाली. “गाडीवर नीट धरा. भाजीचं तेल शर्टाला लागतं.”

धनराजनं डबा घेतला, स्नेहलच्या डोक्यावर टपली मारली आणि जिना उतरला. खाली त्याची मोटरसायकल दोन किकमध्ये सुरू झाली आणि सातपूरच्या दिशेनं गेली. स्नेहल तिथंच उभी. आईच्या गप्प बसण्याचे तिला सगळे प्रकार पाठ होते. रागाचं गप्प बसणं, दमल्याचं, पाहुण्यांसमोरचं, दुधावर लक्ष असल्याचं. हे त्यातलं कोणतंच नव्हतं. आई जणू प्रश्न हातात घेऊन त्याचं वजन करत होती, आणि वजन काही सांगायला तयार नव्हती.

*

गेल्या दिवाळीपर्यंत ही मुलगी हजेरीला ‘येस मॅडम’ म्हणाली, तरी मॅडम मान वर करून दोनदा बघायच्या. मग वक्तृत्व स्पर्धेतली एक मुलगी ऐनवेळी आजारी पडली, हिला तिच्या जागी ढकललं, आणि हिचं जे बोलणं सुरू झालं ते अजून थांबलं नव्हतं. रंगपंचमीच्या आदल्या संध्याकाळी गल्लीतलं मंडळ छोटा कार्यक्रम करतं. यंदा मुलांचं नाटक मी लिहिणार, मीच बसवणार आणि कामही मीच करणार, असं तिनं मंडळाच्या बैठकीत उभं राहून सांगितलं, तेव्हा पंचवटीतले भलेभले काका एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी अध्यक्ष म्हणाले, “वीस मिनिटं. आणि लोक हसले पाहिजेत.”

हसवायची काळजी नव्हतीच. गोष्ट घरचीच होती.

ही गोष्ट धनराज प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगायचा. लोक त्याला आग्रह करून सांगायला लावायचे. गल्लीच्या मधोमध एक रहाड आहे. रहाड म्हणजे रस्त्याच्या पोटातला दगडी हौद. वर्षभर तो फळ्या आणि मातीखाली बुजलेला असतो. वरून रिक्षा जातात, भाजीच्या गाड्या उभ्या राहतात, नवख्या माणसाला सांगूनही खरं वाटत नाही. होळी झाली की मंडळाची माणसं तो उकरतात, धुतात, रंगानं भरतात, आणि रंगपंचमीला कडेवरून त्यात उडी घेतात. त्या उडीला म्हणायचं धप्पा. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. या गल्लीचा पिवळा. तो इतका पक्का, की एकदा धप्पा मारला की माणूस आठवडाभर कुठे लपत नाही.

तर वीस वर्षांपूर्वी या रहाडीत गल्लीतल्या एकट्या मुलीनं धप्पा मारला, ती मोहिनी. आयटीआयला टर्नर ट्रेडला होती, लेथ मशीनवर लोखंड कातायला शिकत होती, तिथंही एकटीच मुलगी. तिच्या वर्गातला निफाडकडचा धनराज तेव्हा गल्लीत मामाकडे राहायचा. त्यानंही धप्पा मारला. आणि दुसऱ्याच दिवशी सातपूरच्या एका कंपनीत दोघांची मुलाखत. दोघंही कानाच्या पाळ्यांपर्यंत पिवळे. साहेबांनी मोहिनीला पाहिलं आणि त्यांना वाटलं, पोरीला लग्नाची हळद लागलीय. हळदीची नवरी नोकरीला कशाला ठेवायची? घरी पाठवली. धनराजला नोकरी लागली. संध्याकाळी तो पेढे घेऊन मोहिनीच्या घरी गेला आणि तिच्या वडिलांना म्हणाला, “हळद लागलीच हाय, तर वाया कशाला घालवायची?”

इथं लोक इतके हसायचे की पुढचं कधी कोणी ऐकलं नव्हतं. मोहिनीही हसायची. पदर तोंडाला लावून, खाली बघून.

स्नेहलनं त्यातून नाटक केलं होतं. चाळिशीची सगुणाबाई भाजीची पिशवी घेऊन जाताना रहाडीत पडते आणि बाहेर येते ती एकोणीस वर्षांची होऊन. काळही वीस वर्षं मागे गेलेला. आता तिला सगळं आधीच माहीत आहे. त्यामुळे ती शहाण्यासारखी धप्पा मारत नाही, स्वच्छ तोंडानं मुलाखतीला जाते, नोकरी पटकावते, मोठी साहेबीण होते, खुर्चीवर गोल गोल फिरते. इथपर्यंत नाटक टणाटण उड्या मारत जात होतं. मग मात्र तिला घराची आठवण येते, मुलीची आठवण येते, रडत रडत ती परत रहाडीत उडी घेते, पुन्हा चाळिशीची होते, आणि हातात पिशवी घेऊन घरी येते. पडदा.

शेवट जमत नव्हता. एक पाय आखूड असलेल्या टेबलासारखा तो डुगडुगत होता, आणि स्नेहलला कळत नव्हतं कुठला पाय.

“काय प्रॉब्लेम आहे त्यात?” रुद्र म्हणाला. तिघं जिन्यावर बसून पेरू खात होते. “शेवटी बाई घरी आलीच पाहिजे. नाहीतर पब्लिक खुर्च्या फेकेल.”

“खुर्च्या मंडळाच्या आहेत,” निकिता म्हणाली. “पण मला एक सांग, स्नेहल. ती घरी का येते? तुला माहितीये का? तुझी आई तर काही बोललीच नाही.”

“म्हणूनच तर विचारलं ना मी.”

“विचारलंस. पैज तू जिंकलीस. पण उत्तर कुठंय?”

*

संध्याकाळी गच्चीवर तालीम सुरू झाली. एका बाजूला जुन्या धोतरावर बटाट्याचे वेफर वाळत होते. तेवढी हद्द ओलांडायची नाही, अशी मोहिनीची ताकीद होती. खाली गल्लीत मंडळाची माणसं रहाडीतला गाळ घमेल्यांनी वर काढत होती आणि कोण आळशी यावरून त्यांचं मोठमोठ्यानं चाललं होतं.

निकिता साहेब झाली होती. काजळाच्या मिशा, कमरेवर हात. स्नेहलनं गालांना हळद फासली होती. रुद्र धनराज होता आणि त्याला पूर्ण नाटकात फक्त पेढ्यांचं वाक्य होतं, त्यामुळे तो कोपऱ्यात ते वाक्य सात तऱ्हांनी म्हणून बघत होता.

“कोण तू?” निकिता गरजली.

“सगुणा. टर्नर.”

“टर्नर? तू तर नवरी दिसतेस. हा हा हा. नवरदेव कुठंय? घोड्यावरून येतोय की बसनं?”

“साहेब, ही हळद नाही.”

“हळद नाही तर काय, आमरस? चल, नीघ इथून. हा हा हा.”

दाराशी कोणीतरी हसलं. मोहिनी वेफर गोळा करायला परात घेऊन आली होती. तिघंही एकदम थांबले.

“करा ना,” ती म्हणाली. “छान करताय. निकिता, मिशी वाकडी झालीय तुझी.”

ती धोतराशी उकिडवी बसली आणि वेफर उलटून बघायला लागली. एकेक चकती उन्हाकडे धरायची, ओली असली तर परत ठेवायची. तिघांनी परत प्रवेश सुरू केला. निकिताला आता प्रेक्षक मिळाला होता, त्यामुळे तिचे साहेब आणखी चेकाळले, सगुणेच्या गालाला बोट लावून चाटायला लागले. मोहिनी परत हसली. मग हसणं संपल्यावर, हातातल्या चकतीकडे बघत म्हणाली, “साहेब तसे नव्हते पण.”

“कसे होते?” स्नेहलनं विचारलं.

“चांगले होते.”

“चांगले?”

“वयस्कर होते. माझ्या काकांसारखे. मला बघून उभेच राहिले. मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. म्हणाले, बाळ, हळदीच्या अंगानं घराबाहेर पडू नये, ऊन लागतं. कोणी पाठवलं तुला असं? घरी जा.”

निकितानं नकळत कमरेवरचे हात काढले.

“मग तू सांगितलं नाहीस, की हा रहाडीचा रंग आहे?”

“सांगितलं की. ते म्हणाले, मुली कुठं रहाडीत उतरतात?” मोहिनीनं एक चकती परातीत टाकली. “आमच्या लाइनीत सगळेच पिवळे होते. सहा-सात पोरं होती पंचवटीतली. त्यांना बघून कोणी म्हणालं नाही की नवरदेव आलेत. त्यांना विचारत होते, काय रे, किती धप्पे मारले? धन्या माझ्या मागंच उभा होता. त्याच्या तर दातांनासुद्धा रंग होता.”

स्नेहलनं चमकून पाहिलं. ‘अहो’ नाही, ‘स्नेहलचे पप्पा’ नाही. धन्या. आईच्या लक्षातही आलं नव्हतं. ती परातीवर वाकलेली, केसांची एक बट गालावर, आणि बोलताना हनुवटी जराशी वर आलेली. स्नेहल आरशात स्वतःला भाषण करून दाखवायची, तेव्हा तिची स्वतःची हनुवटी अशीच वर यायची.

“पप्पा काही बोलले नाहीत?”

“त्याचा नंबर माझ्यानंतर होता,” मोहिनी म्हणाली.

कोपऱ्यात रुद्रचं पेढ्यांचं वाक्य बंद पडलं होतं. खाली कोणाचं तरी घमेलं दगडावर आपटलं. मोहिनीनं एक वेफर बोटांत धरून कडेनं अंगठा फिरवला, अगदी डब्याच्या काठावरून फिरवला होता तसा.

“लेथवर लोखंड लावलं ना, की आधी ओबडधोबड असतं. मग हत्यार टेकवायचं. निळी, कुरळी साल निघते, बटाट्यासारखी. ती अखंड निघाली की समजायचं, हात बसला. माझी निघायची. पंख्याच्या वाऱ्यानं हलायची.” ती थांबली. “त्या दिवशी मशीनपर्यंत गेलेच नाही. बाहेरूनच आवाज ऐकला.”

निकितानं स्नेहलला कोपर मारलं. दुपारचा प्रश्न अजून हवेत होताच. स्नेहलनं तो या वेळी वेगळा विचारला, आणि पैजेसाठी विचारला नाही.

“म्हणजे परत एकोणीसची झालीस, तर धप्पा मारणार नाहीस. हो ना? नाटकात मी तेच केलंय. सगुणा धप्पाच मारत नाही, स्वच्छ तोंडानं जाते.”

मोहिनीनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू मुलीनं भात चुलीवर न ठेवता शिजवायचं सुचवलंय.

“धप्पा का नाही मारणार? धप्पा मारीनच.”

“पण मग नोकरी?”

“मुलाखतीला जाईन.”

“पिवळी?”

“पिवळीच जाईन. रंग काय एका दिवसात जातो?”

“मग ते परत घरी पाठवतील.”

“पाठवतील.” मोहिनीनं परात मांडीवर घेतली. “घरी जा म्हणाले, आणि मी आले. तेवढंच झालं गं त्या दिवशी. बाकी काही नाही. मला कोणी ओढून आणलं नाही, हाकललं नाही. बसमध्ये बसले नि आले. रंग गेल्यावर परत गेले, तर जागा भरल्या होत्या.” ती उठली. “घरी नाही येणार. गेटवर बसेन.”

“किती वेळ?”

“रंग जाईपर्यंत.”

“आई, तो आठवडाभर टिकतो.”

“मग आठवडाभर,” मोहिनी म्हणाली, आणि परात घेऊन खाली गेली.

*

“एक मिनिट,” निकिता म्हणाली. मिशी पुसता पुसता ती जिन्यात थांबली. “काकू गेटवर बसल्या असत्या, तर काका पेढे घेऊन आले तेव्हा घरी कोण?”

“आजोबा,” स्नेहल म्हणाली.

“मग काकांनी हळदीचं वाक्य कोणाला ऐकवलं असतं? आजोबांना?”

“आणि आजोबा लाजले असते,” रुद्र म्हणाला.

“गंमत नाही, रुद्र. नीट विचार कर. पेढे परत. लग्न कॅन्सल.” निकितानं ओल्या रुमालानं हवेत फुली मारली. “म्हणजे स्नेहल डिलीट.”

तिघंही खदखदून हसले. स्नेहल सगळ्यांत मोठ्यानं हसली. पण खालच्या मजल्यापर्यंत पोहोचेपर्यंत तिचं हसणं इतरांच्या आधी संपलं होतं.

घरात मोहिनी वेफर डब्यात भरत होती. स्नेहल शेजारी बसली आणि तिनंही भरायला हात लावला. मोडके वेगळे, अख्खे वेगळे.

“पप्पा पेढे घेऊन आले, तेव्हा तू घरी नसतीस,” स्नेहल म्हणाली.

“नसते.”

“त्यांनी शोधलं असतं तुला.”

“कोणी? तुझ्या पप्पांनी?” मोहिनीनं भुवया उंचावल्या. “त्यांना फ्रिजमधलं दही सापडत नाही. समोर असतं.”

स्नेहलला हसू आवरेना. मोहिनीही हसली, आणि या वेळी पदर तोंडाला न लावता, दात दाखवून, मान मागे टाकून हसली. हसताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिनं मनगटानं पुसलं, कारण बोटांना मीठ होतं. स्नेहल बघत राहिली. लग्नाच्या गर्दीत ही गोष्ट ऐकताना आई अशी कधी हसली नव्हती. मग तिला वाटलं, की त्या हसण्याकडे आपण कधी नीट पाहिलंच नव्हतं.

एक प्रश्न उरला होता, तिच्या स्वतःबद्दलचा. तो विचारायची पैज कोणी लावली नव्हती. तो जिभेच्या टोकाशी आला, आणि स्नेहलनं, जी हल्ली मंडळाच्या अध्यक्षांनासुद्धा मध्येच तोडायची, एक मोडका वेफर उचलून तोंडात टाकला.

“कच्चा आहे तो,” मोहिनी म्हणाली. “तळल्याशिवाय खाऊ नये.”

“चांगला लागतो.”

“कच्चं सगळंच तुला चांगलं लागतं. कैरी, चिंच, पीठ.” मोहिनीनं डब्याचं झाकण लावलं, त्यावर तळहात ठेवून ते दाबलं आणि हात तसाच ठेवला. “दुपारी विचारलंस ते. नाटकासाठी विचारलंस, की असंच?”

“पैजेसाठी,” स्नेहल म्हणाली. “मग नाटकासाठी. आता असंच.”

मोहिनीनं मान हलवली, जणू तीन गिऱ्हाइकं ओळीनं आली होती आणि तिसरं तिच्या ओळखीचं निघालं होतं. खिडकीतून खालची रहाड दिसत होती, धुऊन रिकामी, दगड ओले. काही वर्षांपासून मंडळ दुपारचा एक तास बायकांसाठी ठेवायला लागलं होतं. गल्लीतल्या निम्म्या बायका उतरायच्या. मोहिनी गॅलरीत उभी राहून बघायची आणि सगळ्यांचे टॉवेल सांभाळायची.

“खोल केलीय यंदा,” ती खाली बघत म्हणाली. आणि कुकर लावायला उठली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं कालच्यासारखंच होतं. धनराज खुर्चीवर बसून नाड्या बांधत होता, मोहिनी डबा भरत होती, आणि स्नेहल फ्रिजला पाठ लावून उभी होती. फक्त खिडकीबाहेर आज कोणी नव्हतं. निकिताला आणि रुद्रला तिनं मुद्दाम येऊ दिलं नव्हतं.

“ठरलं,” ती म्हणाली. “मी नाटकाचा शेवट बदललाय. अध्यक्षकाका काही म्हणाले तरी आता तो परत बदलणार नाही.”

“ऐकव की,” धनराज म्हणाला.

“सगुणाबाई परत येत नाही.”

“येत नाय म्हंजे?”

“म्हणजे नाही येत. ती एकोणीसची होते, आणि परत धप्पा मारते. मुद्दाम. पिवळीच्या पिवळी मुलाखतीला जाते. साहेब चांगले असतात, तिला खुर्ची देतात, पाणी देतात, घरी जा म्हणतात. ती बाहेर येऊन गेटवर बसते.”

“मग?”

“बसते.”

धनराजनं दुसऱ्या बुटाकडे मोर्चा वळवला. “अगं, लोक हसायला येत्यात. अन् माझ्या पेढ्यांचं काय? सगळी गल्ली त्या वाक्याची वाट बघत असती.”

“ते आहे ना. रुद्र पेढे घेऊन घरी जातो, दार वाजवतो, ‘हळद लागलीच हाय, तर वाया कशाला घालवायची?’ असं म्हणतो. आजोबा म्हणतात, ती घरी नाही.”

धनराज हसला. मोठ्यानं, खुर्ची हलेल इतका हसला. मग हसता हसता त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, आणि पाहत राहिला. मोहिनी पाठमोरी होती. तिचा अंगठा डब्याच्या काठावरून फिरत होता. फिरता फिरता एका जागी थांबला आणि तिथंच राहिला.

नाडी बांधायची राहिलीच होती. धनराजनं ती बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

“अन् तिची पोरगी?” त्यानं विचारलं. आवाज आता थट्टेचा नव्हता. “नाटकात एक पोरगी होती ना तिची?”

“आहे.”

“बाई एकोणीसची झाली. लगीन नाय, काय नाय. मग ही पोरगी आली कुठनं?”

“ते मलाही नीट कळलेलं नाही,” स्नेहल म्हणाली. ती आईच्या पाठीकडे बघत होती आणि तिची हनुवटी जराशी वर आली होती. “पण ती आहे. ती रोज डबा घेऊन गेटवर जाते. रंग जाईपर्यंत.”